'होय' की 'नाही'? ऑनलाइन फॉर्म भरताना चुकतं नेमकं कोण?

"तुमच्या घरात कोणी सरकारी नोकरीत नाही ना?" असं शेजारणीनं विचारलं, तर आपल्याकडे बहुतेक जण उत्तर देतील, "नाही." म्हणजे घरात सरकारी नोकर नाही. विचारणारीलाही ते तसंच कळतं आणि विषय संपतो.

आता हाच प्रश्न ऑनलाइन फॉर्मवर येतो. 'माझ्या कुटुंबातील सदस्य सरकारी विभागात नियमित किंवा कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाहीत किंवा निवृत्तिवेतन घेत नाहीत', अशा आशयाचं एक विधान आणि त्याखाली दोन पर्याय, होय आणि नाही. इथे सवयीनं 'नाही' निवडलं की संगणक त्याचा अर्थ लावतो, विधान चुकीचं आहे. म्हणजे घरात सरकारी नोकर आहे. म्हणजे ही बाई अपात्र.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीत हेच घडल्याच्या तक्रारी आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ही ई-केवायसी बंधनकारक केली. सुरुवातीला दोन महिन्यांची असलेली मुदत नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. चुकीचा पर्याय निवडलेल्या महिलांना दुरुस्तीची संधी देण्यात आली. त्यानंतरही ज्यांचा लाभ अडला, त्यांच्यासाठी अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करण्याचं ठरलं.

महिन्याला १५०० रुपये. दोन कोटींहून अधिक लाभार्थी. आणि मध्ये एक नकारार्थी वाक्य.

या सगळ्यावर सोशल मीडियावर उमटलेली ठरलेली प्रतिक्रिया होती, 'नीट वाचून भरायचं ना!' पण फॉर्म कसा असावा, त्यात चूक झाली तर काय सोय असावी, कोणत्या रकान्यानं कसं वागावं याचे नियम जगात गेली ३० वर्षं लिहिले जात आहेत. ते कोणालाही फुकट वाचता येतात, फुकट वापरता येतात. भारत सरकारनं आपल्या वेबसाइटसाठी त्यातले बरेचसे स्वीकारलेलेही आहेत. त्यामुळे चूक कोणाची, या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

कागदाला समास होता

आधी कागदी अर्ज आठवून बघा. 'पतीचे नाव' या रकान्यापुढे एखादी महिला 'मयत' असं लिहायची. जागा पुरली नाही तर समासात लिहायची, उलट बाजूला लिहायची, एखादा कागद टाचायची. टेबलापलीकडचा कारकून कुरकुर करायचा, पण अर्ज आत जायचा. अर्जाला काय विचारायचं सुचलं नव्हतं, ते सांगायची जागा कागदावर कुठेतरी सापडायची.

वेबवरच्या फॉर्मला समास नसतो. त्यानं जे विचारलं तेच सांगता येतं आणि जे 'आवश्यक' ठरवलं ते दिल्याशिवाय पुढचं बटण चालत नाही.

लाडकी बहीणच्याच ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला होता आणि त्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जात होता. ज्यांचे पती हयात नाहीत आणि वडीलही हयात नाहीत, त्यांनी काय करायचं? घटस्फोटित महिलांनी काय करायचं? फॉर्मकडे उत्तर नव्हतं. सरकारनं नंतर तोडगा काढला, तो असा की मृत्यू प्रमाणपत्राची किंवा घटस्फोटाच्या कागदपत्रांची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. थोडक्यात, ऑनलाइन फॉर्मला जो समास नव्हता, तो पुन्हा कागदावर आणि अंगणवाडीत तयार करावा लागला.

'आवश्यक' हा रकाना करायला प्रोग्रॅमरला एकच शब्द लिहावा लागतो. तो शब्द जगातल्या प्रत्येक ब्राउझरला कळतो, कारण तो खुल्या मानकाचा भाग आहे.

खुलं मानक म्हणजे काय?

गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा भिंतीतला प्लग पॉइंट कोणत्याही कंपनीच्या वस्तूला चालतो, कारण मापं आधी ठरलेली आणि सगळ्यांना माहीत असतात. वेबचंही तसंच आहे. पानावर मजकूर कसा लिहायचा, चित्र कसं लावायचं, फॉर्मचे रकाने कसे करायचे याची भाषा म्हणजे एचटीएमएल. ही भाषा कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही.

१९९३ च्या सुमारास 'मोझॅक' या ब्राउझरमध्ये भरता येणारे फॉर्म आले. त्याआधी वेब हे मुख्यतः वाचायचं माध्यम होतं. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएलची दुसरी आवृत्ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली आणि त्यात फॉर्मचे नियम लिहिले गेले. मजकुराचा रकाना, पासवर्डचा रकाना, अनेकांतून एक निवडायची गोल बटणं, टिक करायची चौकट, यादीतून निवड आणि शेवटी 'सबमिट'. आज तुम्ही रेल्वेचं तिकीट काढता किंवा परीक्षेचा अर्ज भरता, तेव्हा बहुतेक वेळा याच सात-आठ वस्तू वापरता. १९९५ च्या नियमांनी लिहिलेला फॉर्म आजच्या फोनवरही उघडतो आणि भरता येतो.

बंद वाटेनं गेलेल्या फॉर्मांचं काय होतं, हे कोणत्याही सीए किंवा कंपनी सेक्रेटरीला विचारा. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाचे अर्ज अनेक वर्षं खास प्रकारच्या पीडीएफमध्ये होते. ते अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट चालायचे. ब्राउझरमध्ये उघडले की 'कृपया थांबा' अशा अर्थाचा संदेश दिसायचा आणि कितीही थांबलं तरी फॉर्म काही उघडायचा नाही. पीडीएफच्या २०१७ मधल्या आंतरराष्ट्रीय मानकात हा प्रकार कालबाह्य ठरवला गेला. २०२२ पासून मंत्रालय टप्प्याटप्प्यानं साध्या वेब फॉर्मकडे वळलं.

एका शब्दानं बदलणारा कीबोर्ड

मानक पाळलं तर वापरणाऱ्याला काय मिळतं? मोबाइल नंबरच्या रकान्यावर बोट ठेवलं की काही साइटवर थेट आकड्यांचा मोठा कीबोर्ड येतो. काही साइटवर अक्षरांचा येतो आणि वरची बारीक आकड्यांची ओळ शोधावी लागते. फरक एका शब्दाचा असतो. हा रकाना दूरध्वनी क्रमांकाचा आहे, असं प्रोग्रॅमरनं मानकातल्या शब्दात सांगितलं की बाकीचं काम फोन करतो.

ओटीपीचंही तसंच. 'हा एकदाच वापरायचा कोड आहे' असं रकान्यावर लिहिलेलं असेल, तर अनेक फोन मेसेजमधला कोड स्वतःच सुचवतात. नसेल तर मेसेज उघडायचा, सहा आकडे पाठ करायचे, परत यायचं. आणि परत येईपर्यंत पान पहिल्यापासून सुरू झालेलं असतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रकान्याचं लेबल. डोळ्यांनी दिसणाऱ्याला 'जन्मतारीख' हा शब्द आणि त्याशेजारची चौकट यांचं नातं आपोआप कळतं. अंध व्यक्तीचा फोन स्क्रीन रीडरनं पान वाचून दाखवतो. त्याला ते नातं मानकाच्या भाषेत सांगावं लागतं. ते सांगितलं नसेल तर तो फक्त म्हणतो, 'संपादन चौकट'. पुढच्या रकान्यावर पुन्हा 'संपादन चौकट'. असे पंधरा रकाने असतील तर कोणत्यात काय भरायचं?

आणि हे टाळणं अवघड मुळीच नाही. एचटीएमएलचं साधं बटण वापरलं तर ते कीबोर्डनं चालतं, स्क्रीन रीडरला कळतं, दाबलं की काम करतं. अनेक साइट ते सोडून नुसत्या रंगीत चौकोनाला बटणाचा वेश चढवतात, कारण तो 'छान दिसतो'. मग ज्यांना बोटानं अचूक टॅप करता येत नाही किंवा जे पान बघू शकत नाहीत, त्यांच्यासाठी ते बटण नसतंच.

पापणी लवली नाही म्हणून

ही अडचण किती टोकाला जाऊ शकते, हे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या एका निकालातून दिसतं. 'प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला न्यायालयात गेल्या होत्या. बँकेच्या ऑनलाइन केवायसीत समोरची व्यक्ती जिवंत आहे हे दाखवण्यासाठी पापणी लववायला सांगितलं जातं. हल्ल्यात ज्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, त्यांना ते शक्य नव्हतं. याच्याच जोडीला एका अंध याचिकाकर्त्याची याचिका होती. कॅमेऱ्यात चेहरा नीट चौकटीत आणा, कागदावर सही करून फोटो काढा, अशा पायऱ्या न बघता कशा पार करायच्या, हा त्यांचा प्रश्न होता.

न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या खंडपीठानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले. पापणी लववण्याला पर्याय ठेवा, साइट आणि ॲपची ठरावीक काळानं सुगम्यता तपासणी करून घ्या, असं त्यात आहे. कागदी केवायसीचा मार्गही न्यायालयानं खुला ठेवला.

न्यायालयासमोर सुगम्यतेचा मापदंड म्हणून आलेले नियमही खुल्या मानकांचेच आहेत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेची ही नियमावली, 'डब्ल्यूसीएजी'. तिची २.० आवृत्ती २००८ ची, २.१ आवृत्ती २०१८ ची आणि २.२ आवृत्ती २०२३ ची.

त्यातला एक नियम लाडकी बहीणच्या गोंधळाशी थेट जोडून बघता येतो. नियम क्रमांक ३.३.४. ज्या फॉर्ममुळे माणसावर कायदेशीर बंधन येतं किंवा पैशाचा व्यवहार होतो, तिथे तीनपैकी किमान एक सोय हवी: भरलेलं मागे घेता यावं, किंवा चूक तपासून दाखवली जावी, किंवा शेवटी सगळं एकदा समोर मांडून 'हे बरोबर आहे ना' असं विचारलं जावं.

'तुम्ही सांगितलं आहे की तुमच्या कुटुंबात सरकारी कर्मचारी आहे. बरोबर?' सबमिटच्या आधी असं एक वाक्य दिसलं असतं, तर कितीतरी जणींचं बोट तिथेच थबकलं असतं. दुरुस्तीची सोय मुदत संपत आल्यावर जाहीर करण्यापेक्षा पहिल्या दिवशी देणं स्वस्तही पडतं. दारोदार पडताळणीचा खर्च शेवटी सेविकांच्या पायांवरच पडतो.

अंगणवाडी सेविकेच्या फोनपर्यंत आलेलं मानक

खुली मानकं कोणीतरी ठरवतं म्हणजे त्यावर भांडणंही होतात. फॉर्मवरून झालेलं सगळ्यात मोठं भांडण २००४ चं.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूथ्रीसीनं 'एक्सफॉर्म्स' नावाचं नवं मानक मंजूर केलं. कल्पना चांगली होती. फॉर्ममध्ये माहिती कोणती हवी हे एकीकडे लिहायचं, तिचे नियम दुसरीकडे आणि ती पडद्यावर कशी दिसेल हे तिसरीकडे. एकच फॉर्म संगणकावर वेगळा दिसेल, फोनवर वेगळा, पण आतली माहिती तीच. अडचण एवढीच की त्यासाठी ब्राउझरांना बरंच काही नव्यानं शिकावं लागणार होतं आणि तोवरची कोट्यवधी पानं जुन्या पद्धतीची होती.

मोझिला आणि ऑपेरा या ब्राउझर बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की जुन्या एचटीएमएल फॉर्मनाच हळूहळू सुधारू या. जून २००४ मध्ये अमेरिकेत सॅन होजे इथे झालेल्या कार्यशाळेत त्यावर कौल घेतला गेला. बाजूनं ८, विरोधात १४. प्रस्ताव पडला. काही दिवसांतच मोझिला, ऑपेरा आणि ॲपलच्या लोकांनी आपला वेगळा गट काढला आणि काम सुरू केलं. त्याच कामातून पुढे एचटीएमएल ५ आलं आणि २०१४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनंच त्याला मान्यता दिली. तारखेचा रकाना, ईमेलचा रकाना, 'आवश्यक'चा तो एक शब्द, हे सगळं या हरलेल्या बाजूनं दिलं आहे. २०१९ मध्ये दोन्ही गटांनी करार करून एकच एचटीएमएल मानायचं ठरवलं.

एक्सफॉर्म्स मात्र मोठ्या ब्राउझरांत कधी रुजलं नाही. वेबच्या इतिहासात त्याची नोंद 'फसलेलं मानक' अशीच होते.

पण ते संपलं नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात 'ओपन डेटा किट' हा प्रकल्प सुरू झाला. मोबाइलवर, नेटवर्क नसतानाही सर्वेक्षणाचे फॉर्म भरता यावेत हा त्याचा हेतू. त्यासाठी त्यांनी एक्सफॉर्म्सवर बेतलेलं स्वरूप घेतलं. 'कॉमकेअर' या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या सॉफ्टवेअरचे फॉर्मही त्याच घराण्यातले. आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात देशभरातल्या अंगणवाडी सेविकांना जे ॲप दिलं गेलं, आयसीडीएस-कॅस, ते कॉमकेअरवर उभं होतं. ब्राउझरांनी नाकारलेलं मानक पाड्यावरच्या वजनकाट्याशेजारी पोचलं होतं.

या स्वरूपाची एक खुबी इथे महत्त्वाची आहे. फॉर्मचं तर्कशास्त्र एकदाच लिहायचं आणि प्रश्नांचा मजकूर हव्या तितक्या भाषांत त्यातच ठेवायचा. मराठी घालायला फॉर्म नव्यानं बांधावा लागत नाही.

१ मार्च २०२१ पासून केंद्रानं 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप आणलं. आधीचं ॲप मराठीत चालायचं, हे इंग्रजीत आहे, अशी महाराष्ट्रातल्या सेविकांची तक्रार होती. हलक्या प्रतीच्या फोनचाही प्रश्न होता. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. नंतर पोषण ट्रॅकरमध्ये भारतीय भाषा आल्या. पण भाषा ही मागाहून लावायची पाटी नव्हे, ती फॉर्मच्या पायातच असायला हवी, हे मानक लिहिणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलं होतं.

'ज्ञानेश्वर' किती अक्षरांचा?

मराठीचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत. 'ज्ञानेश्वर' मोठ्यानं म्हणून बघा: ज्ञा-ने-श्व-र. आपल्या लेखी चार अक्षरं. वेब फॉर्म त्याला दहा मोजतो. ज, त्याला जोडणारं हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा हलन्त, व आणि र. रकान्याची कमाल लांबी ठरवताना एचटीएमएल याच पद्धतीनं मोजतं.

मागची साठवण जुन्या पद्धतीची आणि बाइटमध्ये मोजणारी असेल, तर हेच नाव ३० बाइट होतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ते ११ बाइटमध्ये मावतं. त्यामुळे इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेल्या मर्यादेत मराठी नाव अर्ध्यावर तुटू शकतं. मग लोक इंग्रजीत भरतात. तिथे 'ज्ञ'चं स्पेलिंग आधारवर एक, बँकेत दुसरं आणि दाखल्यावर तिसरं, आणि पुढचं सगळं आपल्या ओळखीचं आहे.

आकड्यांचंही असंच. मराठी कीबोर्डवरून देवनागरी ९ टाकला, तर अनेक फॉर्म लाल अक्षरात सांगतात, 'फक्त अंक टाका'. टाकलेला अंकच असतो. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये 'अंक' तपासण्याची जी सोपी खूण आहे, ती फक्त इंग्रजी ० ते ९ ओळखते. एका ओळीत देवनागरी अंकांचं रूपांतर करता येतं. ती ओळ लिहायची आठवण कोणालातरी व्हायला हवी, एवढंच.

नावाच्या बाबतीत तर मानकही थोडं तोकडं पडतं. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम असेल. नाव आपोआप भरण्यासाठी एचटीएमएलमध्ये पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव यांच्या खुणा आहेत. आईच्या नावाची खूण नाही. डब्ल्यूथ्रीसीचाच सल्ला आहे की नावाचे तुकडे खरोखर लागत नसतील तर पूर्ण नावाचा एकच मोठा रकाना द्या. मे २०२४ मध्ये जन्मलेली मुलं २०३० च्या सुमाराला पहिलीत जातील. तोपर्यंत शाळाप्रवेशाचे, बँकेचे, पासपोर्टचे फॉर्म चार भागांच्या नावासाठी तयार झालेले असतील का?

मानकं काय करू शकत नाहीत

मानक पाळलं की सगळं सुरळीत, असं मात्र कोणी समजू नये. एचटीएमएल ५ मध्ये 'संख्या' नावाचा रकाना आहे. नाव वाचून वाटेल, आधार क्रमांकासाठी हाच योग्य. पण आधार क्रमांक ही बेरीज करायची संख्या नाही, ती बारा अंकांची ओळख आहे. 'संख्या' रकान्यात काही ब्राउझरवर माउसचं चाक फिरलं तरी आकडा बदलतो. ब्रिटन सरकारच्या डिजिटल पथकाला हा अनुभव आला. त्यांनी २०२० मध्ये आपल्या फॉर्ममधून तो रकाना काढून साध्या मजकुराच्या रकान्याला आकड्यांचा कीबोर्ड जोडायची पद्धत घेतली. जन्मतारखेसाठीही ते दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने देतात. कॅलेंडरमध्ये १९५८ पर्यंत मागे मागे जाणं म्हणजे काय, हे आजी-आजोबांचे फॉर्म भरणाऱ्या नातवंडांना वेगळं सांगायला नको.

नकारार्थी वाक्याबद्दलही एचटीएमएलमध्ये नियम नाही. 'होय' आणि 'नाही' ही दोन गोल बटणं मानकाप्रमाणे अगदी बिनचूक लिहिलेली असू शकतात आणि तरीही प्रश्न फसवा असू शकतो. तो प्रश्न शासन निर्णयातल्या अटीवरून जसाच्या तसा उचललेला असतो. 'तुमच्या घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का?' असं विचारायला कोणत्याही तंत्रज्ञानाची गरज नव्हती. पाच-दहा महिलांना आधी भरायला देऊन शेजारी बसून बघितलं असतं, तरी गोंधळ पहिल्याच तासात कळला असता.

नियम आहेत, मग अडतं कुठे?

भारत सरकारच्या वेबसाइटसाठी 'जीआयजीडब्ल्यू' ही नियमावली २००९ पासून आहे. २०२३ मधली तिची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ च्या 'एए' पातळीवर आधारलेली आहे. वर सांगितलेला ३.३.४ हा नियम त्याच पातळीतला. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे सुगम्यतेचं मानक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'राजीव रतुरी' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेच्या सूचना नुसत्या शिफारशी राहू नयेत, केंद्रानं बंधनकारक नियम करावेत, असं बजावलं.

म्हणजे कागदावर कमी काही नाही. फॉर्म मात्र बहुतेक वेळा निविदेतून तयार होतो. ठरलेल्या तारखेला पोर्टल सुरू झालं का, किती अर्ज आले, याचा हिशोब होतो. अर्ध्यात सोडलेल्या फॉर्मचा, तीनदा ओटीपी मागवून कंटाळलेल्या बाईचा हिशोब कोण ठेवतो? ती दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रात जाते, रांगेत उभी राहते, पैसे देते आणि तिथला मुलगा दोन मिनिटांत फॉर्म भरून देतो. आकडेवारीत तो अर्ज 'यशस्वी' दिसतो. फॉर्मचा दोष अशा रीतीनं कोणाच्या तरी मजुरीच्या एका दिवसात मुरून जातो.

स्वतः तपासून बघायचं असेल तर प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. पुढच्या वेळी एखादा सरकारी किंवा बँकेचा फॉर्म उघडलात की रकान्याशेजारच्या शब्दावर बोट ठेवा. कर्सर चौकटीत गेला, तर लेबल बहुधा नीट जोडलेलं आहे. मोबाइल नंबरला आकड्यांचा कीबोर्ड येतो का बघा. संगणकावर असाल तर माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबच्या बटणानं शेवटपर्यंत पोचता येतं का ते बघा. एक चूक मुद्दाम करा. नेमकं काय चुकलं ते मराठीत सांगितलं जातं, की नुसतं 'एरर' येऊन सगळा फॉर्म कोरा होतो?

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर ही सोय आधीपासून असते. ती सुरू करून डोळे मिटून तीन रकाने भरायचा प्रयत्न करा.

तक्रार करायची झाली तर 'साइट चालत नाही' एवढंच लिहू नका. कोणत्या पानावर, कोणत्या रकान्यात, काय टाकल्यावर काय झालं, हे स्क्रीनशॉटसह लिहा आणि जीआयजीडब्ल्यूचा उल्लेख करा. दिव्यांग व्यक्तीला अडचण आली असेल तर दिव्यांग हक्क कायद्याखाली राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते. ती मागणारा अर्ज साध्या कागदावर लिहून दिला तरी चालतो.